नव्या घरात आवाज घुमतो, हॉल दवाखान्यासारखा वाटतो : माझा अनुभव

नागपुरात बेसा रोडवरच्या नव्या घरात आलो, पण हॉल काही आपला वाटेना. बोललं की आवाज घुमायचा, रात्री दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसल्यासारखं व्हायचं. एक भिंत पिवळी रंगवली, फ्रेमा टांगल्या, प्लास्टिकची फुलंही आणली. पैसे गेले, फरक शून्य!

दोष निघाला व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती आणि छतावरच्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यांचा. कडक पृष्ठभाग आवाज शोषत नाहीत, परत फेकतात.

आधी दिवे बदलले. छतावरचे बंद, कोपऱ्यांत, बसल्यावर डोळ्यांच्या खाली येतील असे पिवळसर उजेडाचे 2700 केल्विन, 9 वॅटचे दोन. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळसर. हा आकडा खोक्यावर असतो, तो वाचूनच घ्या. मग जाड सुती पडदे : खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड, थेट जमिनीपर्यंत. मग मधोमध सतरंजी, तिच्याखाली जुनी गोधडी. सगळ्यात शेवटी महाल भागातल्या जुन्या घरचा आजीचा सागवानी झोपाळा. पितळी कड्या अजून करकरतात, मुद्दाम तेल घातलं नाही.

आता टाळी वाजवली तर मागे घुमण्याचं शेपूट येत नाही. कूलर लागला की मात्र सतरंजी-गोधडी रोज वाळवा, नाहीतर कुबट वास धरतो.