परदेशात घरातली दुरुस्ती: कशाला हात लावायचा आणि कशासाठी माणूस बोलवायचा

नवीन आलेल्यांचा एक फोन ठरलेला असतो, नळ गळतोय नाहीतर ब्रेकर सारखा पडतोय, माणूस बोलावला तर नुसता घरी यायचेच एवढे पैसे सांगतोय, मग मीच उघडून बघू का? मी आधी विचारतो, नक्की काय उघडणार आहेस. नळ असेल तर जरूर उघड. स्विचबोर्ड असेल तर थांब, आधी बोलू.

कारण वायरचे रंग. आपण शाळेत काय शिकलो, लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. ते इतकं पक्कं बसलेलं असतं की हात आपोआप काळ्या वायरकडे बिनधास्त जातो. आणि अमेरिका-कॅनडात तीच काळी वायर लाईव्ह असते, न्यूट्रल पांढरी. ब्रिटन आणि युरोपात तपकिरी लाईव्ह, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ, पण ब्रिटनमध्ये हा बदल भिंतीतल्या वायरिंगला २००४ पासून लागू व्हायला लागला त्यामुळे जुन्या घरात एका खोलीत लाल-काळी आणि पुढच्या खोलीत तपकिरी-निळी असंही सापडतं. तिकडे घरी दहा वेळा सॉकेट बदललंय हा अनुभव इथे कामाचा नाही, उलट तोच घात करतो, म्हणून एवढं सांगतोय.

माझ्या स्वतःच्या घरातलं सांगतो. पॅसेजमधला दिवा बदलायचा होता, पॅनेलवर 'पॅसेज' लिहिलेला ब्रेकर बंद केला, दिवा गेला, म्हटलं झालं. छतातला बॉक्स उघडला, सवय म्हणून टेस्टर लावला तर एक जोडी जिवंत. शेजारच्या खोलीचं दुसरं सर्किट त्याच बॉक्समधून पुढे नेलेलं आणि पॅनेलवरची लेबलं आधीच्या मालकाने अंदाजाने लिहिलेली. मी शिडीवर, दोन्ही हात वर, आणि खाली घरात कोणी नाही. हळूच झाकण परत लावलं, उतरलो आणि इलेक्ट्रिशियनला फोन केला. त्याने आल्यावर पहिलं काय केलं तर स्वतःचा टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतो का ते बघितलं, मग बॉक्समध्ये तपासलं, मग परत चालू सॉकेटवर. टेस्टर बिघडलेला असेल तर तो 'करंट नाही' असंच सांगणार ना. ही एक गोष्ट त्याच्याकडून शिकलो ती आजपर्यंत सोडलेली नाही.

कायदाही प्रत्येक देशाचा वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात भिंतीवरचा स्विच बदलायलाही लायसन्सवाला लागतो, स्वतः केलं तर गुन्हा. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये घरमालकाला स्वतःच्या घरात काही कामं करता येतात. इंग्लंडमध्ये २००५ पासून पार्ट पी नावाचा नियम आहे, जुन्या सॉकेटच्या जागी नवा बसवला तर चालतं पण नवीन सर्किट, फ्यूजबोर्ड बदलणं किंवा बाथटबजवळचं वायरिंग असेल तर रजिस्टर्ड माणूस नाहीतर कौन्सिलला कळवणं. अमेरिकेत राज्याप्रमाणे, गावाप्रमाणे बदलतं, परमिट लागतं का ते तिथल्या ऑफिसला विचारा. आणि भाड्याचं घर असेल तर विषयच संपला, मालकाला लेखी कळवा. गॅसच्या पाइपला तर कुठल्याच देशात हात लावू नका.

मग स्वतः काय करायचं? पुष्कळ आहे की! रंग, दाराची बिजागरी, सिलिकॉन भरणं, सिंकखालचा ट्रॅप (तो वाकडा पाइप) साफ करणं. नळ गळत असेल तर सिंकखालचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून आतलं पाणी जाऊ द्या, सिंकच्या भोकात फडकं कोंबा (तो छोटा स्क्रू हमखास तिकडेच जातो), प्रत्येक भाग काढताना मोबाईलवर फोटो काढा आणि जुना वॉशर किंवा कार्ट्रिज (नव्या नळांत वॉशरच्या जागी असतो तो आतला तुकडा) हातात घेऊनच दुकानात जा, नुसतं माप सांगून आणलेला बसत नाही. जुन्या घरात भिंतीला, छताला ड्रिल मारायच्या आधी मात्र अ‍ॅस्बेस्टॉस (धूळ फुफ्फुसाला घातक असलेलं जुनं बांधकाम साहित्य) आहे का ते विचारा, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ ला आली, ऑस्ट्रेलियात २००३ च्या शेवटी, त्याआधीच्या घरात असू शकतं.

घरात आल्या आल्या पाण्याचा मेन व्हॉल्व्ह आणि मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. पॅनेलमध्ये सेफ्टी स्विच (करंट गळला की वीज तोडणारा) असेल तर त्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबल्यावर स्विच पडला पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियन लगेच.

माणूस बोलवताना लायसन्स नंबर विचारा आणि सरकारी यादीत तपासा, खरा माणूस यात चिडत नाही. किंमत लेखी घ्या आणि ती पक्की आहे की अंदाज ते स्पष्ट विचारा, अंदाज नंतर वाढतो. यायचे पैसे वेगळे असतात म्हणून बारीकसारीक कामं साठवून एकदम काढा, फोटो आधी पाठवा. फोनवर 'लाईटचा प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगू नका, 'हीटर आणि इस्त्री एकदम लावली की हा ब्रेकर पडतो' असं सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. काम झाल्यावर जिथे सर्टिफिकेट देतात तिथे ते घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, घर विकताना ते मागतात. आणि तो काम करत असताना जवळ उभे राहून प्रश्न विचारा, बहुतेक जण आनंदाने सांगतात.