सिस-ट्रान्स लिहिताना या चुका टाळा

रेणूतले दोन गट एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हे सांगायला रसायनशास्त्रात नावाआधी सिस किंवा ट्रान्स लावतात. बारावीच्या वह्या तपासताना त्याबद्दल एक वाक्य हमखास सापडतं: 'सिस म्हणजे सारखे, ट्रान्स म्हणजे वेगळे.' पुढचा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो. लॅटिनमध्ये 'सिस' म्हणजे अलीकडे, 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, आपलं ऐलतीर-पैलतीर. (खरं तर जुने रोमन 'किस' म्हणायचे, पण वर्गात तो उच्चार नको.) आल्प्सच्या अलीकडचा, म्हणजे उत्तर इटलीतला गॉल त्यांच्या लेखी सिसअल्पाइन आणि पलीकडचा ट्रान्सअल्पाइन. मधे डोंगर होता म्हणून या शब्दांना अर्थ होता. रेणूत हा डोंगर बहुतेक वेळा दुहेरी बंधाचा असतो.

डोंगरच नसेल तर नाव देऊ नका. १,२-डायक्लोरोइथेनमध्ये कार्बन-कार्बन बंध एकेरी आहे, तो गरगर फिरतो. तिथे ऐल-पैल टिकणार कशी? उलट १,१-डायक्लोरोइथीनमध्ये दुहेरी बंध आहे, पण दोन्ही क्लोरीन एकाच कार्बनवर बसलेत. तिथेही सिस-ट्रान्स नाही. दुहेरी बंधाच्या प्रत्येक कार्बनवर दोन वेगळे गट (अणू किंवा अणुसमूह) आहेत का, एवढं आधी बघा.

'नावच तर बदललं' असं समजू नका. मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लाचं रेणुसूत्र एकच. पण सिस असलेलं मॅलेइक १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, ट्रान्स असलेलं फ्युमॅरिक २८७ च्या. मॅलेइक तापवलं की शेजारी आलेले दोन आम्लगट पाणी सोडून कडी जुळवतात. फ्युमॅरिकला ते सहज जमत नाही, त्याचे गट दोन तीरांवर.

सिसप्लॅटिन या कॅन्सरवरच्या औषधात दुहेरी बंध शोधत बसू नका. तिथे प्लॅटिनमभोवती चौकोन आहे आणि दोन क्लोरीन शेजारच्या कोपऱ्यांवर. ते समोरासमोर गेले की ट्रान्सप्लॅटिन, आणि कॅन्सरवर ते निरुपयोगी. सिसप्लॅटिनला अमेरिकेत १९७८ साली मंजुरी मिळाली.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे सिस दिसलं की डोळे मिटून 'झेड' लिहिणं. ई-झेड ही बाजू सांगायची दुसरी पद्धत, आणि ही अक्षरं लॅटिन नाहीतच. ती जर्मन शब्दांची आद्याक्षरं: मानाचे दोन गट विरुद्ध बाजूंना असले तर ई, एका बाजूला असले तर झेड. आणि तिथे गटांचा मान, म्हणजे अग्रक्रम, अणुअंकावरून ठरतो. २-क्लोरोब्यूट-२-ईन काढून बघा. दोन्ही मिथिल एका बाजूला, म्हणजे साखळीच्या हिशेबाने सिस. पण दुसऱ्या कार्बनवर मान क्लोरीनचा, तिसऱ्यावर मिथिलचा, आणि हे दोघे विरुद्ध बाजूंना. म्हणजे सिस, आणि तरीही ई.