ग्राइंडिंगमध्ये जॉब जळतोय? कूलंटच्या या चुका टाळा

हार्ड केलेल्या शाफ्टवर निळसर-तपकिरी पट्टा दिसला की शॉपमध्ये पहिला हुकूम सुटतो, "कूलंट वाढवा." व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, पाणी ऑपरेटरच्या बुटांवर येतं आणि पट्टा जिथल्या तिथे राहतो. बहुतेक वेळा पाणी, म्हणजे तेल मिसळलेलं कूलंट, कमी पडलेलंच नसतं. घासणारं व्हील आणि घासला जाणारा जॉब जिथे टेकतात, त्या रेषेपर्यंत ते पोचत नसतं.

अडवते ती हवा. ३५० मिमी व्यासाचं व्हील १६५० आरपीएमला फिरताना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर असतो. या वेगात व्हील स्वतःभोवती हवेचा थर ओढत नेतं आणि मंद धार त्यावर आपटून बाजूला उडते. धार आत घुसायला हवी असेल, तर तिचा वेगही व्हीलच्या वेगाच्या जवळपास लागतो. पाण्याला ३० मीटरचा वेग द्यायला नोझलपाशी साधारण ४.५ बार दाब हवा. एका बारला जेमतेम १४ मीटर मिळतात आणि छोट्या मशीनचे पंप बहुधा याच्याच आसपास असतात.

तरी लगेच नवा पंप मागवू नका. आधी नोझल बघा. गोल नळीचं रुंद तोंड व्हीलवर सैल पाणी ओततं, एवढंच. तोंड व्हीलच्या रुंदीइतकं आणि चपटं करा. तांब्याच्या नळीचं टोक ठोकून केलं तरी फरक दिसतो. धार व्हील फिरतं त्याच दिशेने, व्हील आणि जॉबच्या नेमक्या सांध्यात जाऊ द्या. नोझलच्या आधी गार्डवर एक पत्र्याची पट्टी लावा, व्हीलच्या अगदी जवळ पण न टेकणारी. हवेचा थर ती तिथेच तोडते. व्हील झिजून लहान होत जातं, तशी पट्टी आणि नोझल दोन्ही पुढे सरकवायला हवीत, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

एवढं करूनही जळत असेल तर डायमंड मारा, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने व्हीलचा पृष्ठभाग ताजा करा (ड्रेसिंग). ग्लेझ झालेलं, म्हणजे बोथट होऊन गुळगुळीत पडलेलं व्हील कापत नाही, घासतं. त्या उष्णतेपुढे कोणतंही कूलंट हरेल. ड्रेसिंग करताना पाणी सुरुवातीपासून चालू ठेवा. तापलेल्या डायमंडवर मध्येच पाणी सोडलं तर तो तडकू शकतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे निळा पट्टा शेवटच्या हलक्या पासमध्ये पुसून जॉब पाठवणं. निळा रंग आला म्हणजे पृष्ठभाग निदान ३०० अंशांच्या आसपास तापला. रंगाचा थर अतिशय पातळ असतो. त्याखालचं नरम पडलेलं पोलाद तसंच राहू शकतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. बेअरिंग सीट किंवा गिअर असेल तर नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावून एच करून बघा. नरम भाग काळपट उठून दिसतो, पुन्हा हार्ड झालेला भाग पांढरा. हा पांढरा भाग जास्त घातक, कारण तो ठिसूळ असतो आणि तडा तिथून सुरू होतो.

आता टाकीकडे. उन्हाळ्यात पाणी उडतं, तेल मागे राहतं आणि मिश्रण घट्ट होत जातं. उलट, रोज साधं पाणी ओतून पातळी राखली तर ते पातळ होतं. मग जॉबवर गंज येतो. रंग बघून "दुधी आहे, चालेल" म्हणण्यात अर्थ नाही. रिफ्रॅक्टोमीटर (मिश्रणातलं तेलाचं प्रमाण दाखवणारं उपकरण) आधी साध्या पाण्यावर शून्याला लावा आणि आलेलं रीडिंग तेल पुरवणाऱ्याने दिलेल्या गुणकाने गुणा. रीडिंग ३ आणि गुणक १.५ असेल तर मिश्रण ४.५ टक्के झालं. सोल्युबल ऑईलसाठी (पाण्यात मिसळणारं तेल) ३ ते ५ टक्के सहसा पुरतात, पण डब्यावरचा आकडा अंतिम. मिश्रण करताना पाण्यात तेल घाला, तेलात पाणी नको. नाहीतर ते फाटतं. बोअरवेलचं जड पाणी वापरलं की टाकीवर साबणासारखी साय धरते, हेही लक्षात असू द्या.

सोमवारी मशीन चालू करताच कुजका वास येतो ना? स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या मार्गांचं) आणि हायड्रॉलिकचं तेल पृष्ठभागावर पसरून हवा अडवतं आणि खाली बिनहवेचे जिवाणू वाढतात. वरचं तेल रोज काढा. पीएच ८.५ च्या खाली घसरला तर सुगंधी औषध ओतून काही होत नाही. टाकी रिकामी करून तळाचा गाळ खरवडावा लागतो. तो गाळ पुन्हा पंपातून आला की फिनिशवर स्वल्पविरामासारखे ओरखडे उमटतात. अशा वेळी व्हीलची ग्रेड (कठीणपणा) बदलण्याआधी फिल्टर उघडा.

साइजचं गणितही कूलंटशी जोडलेलं आहे. ५० मिमीचा पोलादी शाफ्ट १० अंशांनी तापला की व्यास जवळपास ६ मायक्रॉनने वाढतो. दुपारी गरम मोजून ओके केलेला जॉब सकाळी अंडरसाइज निघतो, त्यात मायक्रोमीटरचा दोष नसतो.

हातग्राइंडरवर कार्बाइड टिपचं टूल घासून पाण्यात बुडवू नका, टिप तडकते. आणि शिफ्ट संपताना आधी कूलंट बंद करा, मग व्हील काही मिनिटं रिकामं फिरू द्या. ओलं व्हील उभं राहिलं की पाणी खालच्या बाजूला उतरतं आणि सकाळी ते असंतुलित होऊन थरथरतं. नंतर जॉबवर चॅटर (थरथरीच्या लाटांच्या खुणा) दिसतो आणि बिचारं स्पिंडल बेअरिंग उघडलं जातं.