राउटरला लावलेल्या हार्ड डिस्कवर बॅकअप होत नाही? या चुका टाळा

गावातलं सेवा केंद्र असो, कृषी केंद्राचा हिशेब असो नाही तर लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओ, आता बऱ्याच ठिकाणी फायबर आलं आणि राउटरच्या मागे यूएसबीचं तोंड दिसलं की लोकं त्यात पोर्टेबल हार्ड डिस्क लावतात आणि बॅकअपची सोय झाली म्हणून मोकळे होतात. सोय चांगलीच आहे राजेहो, पण बॅकअप मधातच थांबला की लोकं सॉफ्टवेअर बदलत बसतात, आणि आपल्या भागात कारण बहुतेक वेळा लाइनचं, म्हणजे विजेचं असतं.

म्हणून आधी करंटचं पाहा. राउटरचा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० असला तर ९००, आणि फिरणारी डिस्क सुरू होताना याहून जास्त ओढू शकते. डिस्कमधून टिक-टिक आवाज येतो, ती दिसते, गायब होते, परत दिसते, आणि आपल्याला वाटतं डिस्क गेली. नवी घ्यायच्या आधी स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मधात लावून पाहा. आता इथं लोकं एक चूक हमखास करतात, राउटर मिनी यूपीएसवर (राउटरपुरत्या लहान बॅटरीवर) आणि हब भिंतीतल्या बोर्डवर. लाइन गेली की राउटर चालू राहतो, वायफायही दिसतं, पण डिस्क लिहिता लिहिता बंद पडते, आणि हे सगळ्यात वाईट. दोन्ही एकाच पॉवर बॅकअपवर ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर ठेवलं तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का पाहा, नाही तर लाइन गेल्यावर बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात राउटर रिस्टार्ट होतो. फक्त व्होल्टेज १८० च्या खाली राहत असेल, आणि ओलिताच्या दिवसात डीपीवर लोड आला की राहतंच, तर या मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जाईल हे लक्षात ठेवा.

लाइन गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी "अ‍ॅक्सेस डिनाइड" नाही तर "राइट प्रोटेक्टेड" आलं तर लगेच पासवर्ड आणि परमिशनच्या मागे लागू नका. फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची नोंद, अर्धवट राहिली की कित्येक राउटर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतात. डिस्क काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा, प्रॉपर्टीजमध्ये टूल्समधून चेक करून घ्या, मग परत राउटरला. आणि काढताना राउटरच्या पेजवरून सेफली रिमूव्ह करूनच काढत जा, ओढून नाही.

मोठी फाइल दरवेळी ४ जीबीपाशीच अडते? मग डिस्क एफएटी३२ फॉरमॅटमध्ये आहे, त्यात याहून मोठी एक फाइल बसतच नाही, लग्नाची पूर्ण फिल्म तर नाहीच नाही. एनटीएफएस करा, पण फॉरमॅट केल्यावर जुनं सगळं जातं, आधी कॉपी काढा. एक्सफॅट कित्येक राउटरला वाचता येत नाही, आणि लाइन गेली की सावरायला त्यात जर्नलही (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं.

नवा लॅपटॉप घेतला आणि डिस्कच दिसेना, हेही नेहमीचं. जुने राउटर एसएमबी१, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची जुनी भाषा, बोलतात आणि विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, ते नव्या इन्स्टॉलमध्ये बंदच येतं. व्हिडिओ पाहून ते चालू करू नका भाऊ, त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं याच दारातून जगभर कॉम्प्युटर लॉक केले होते. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, एसएमबी२ येतं का पाहा, नाहीच आलं तर राउटर बदला. पासवर्ड नसलेलं गेस्ट शेअरिंगही नव्या विंडोजमध्ये अडतं, तर राउटरमध्ये यूजरनेम-पासवर्ड ठेवाच.

स्पीडचं म्हणाल तर पहिला बॅकअप वायफायवर घेऊच नका. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टला केबल लावली, सगळं नीट चाललं तरी सेकंदाला १२ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे २०० जीबीला साडेचार तासांच्या वर, आणि तेवढ्यात लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की संपलं. नुसते फोल्डर कॉपी करत असाल तर पहिली कॉपी डिस्क थेट कॉम्प्युटरला लावून करा, नंतर रोजचे बदल राउटरवरून जाऊ द्या.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये असेल तर फाइलच्या नावाला २५५ बाइट्सच मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट्स खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे ८५ मध्ये खेळ संपला. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, गट नंबर, योजनेचं नाव असं सगळं फाइलच्या नावात भरलं की नेमकी तीच फाइल सुटते. नाव लहान ठेवा.

उन्हाळ्यात डिस्क टिनाच्या खोलीत राउटरवर ठेवू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या कागदावर ३५ डिग्रीपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-अकोला ४५ च्या वर जातं. खाली, सावलीत, हवा लागेल अशी ठेवा, बॅकअप रात्रीचा लावा.

आणि ही डिस्क एकटीच भरवशाची धरू नका. ती कायम जोडलेली असते, कॉम्प्युटरमध्ये रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) शिरलं तर मॅप केलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह म्हणून जोडलेल्या, या डिस्कवरच्या फाइलीही लॉक होतात, वीज पडली तर राउटरसोबत तीही जाऊ शकते. दुसरी एक डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि काढून कपाटात, जमलं तर दुसऱ्या घरी ठेवा. महिन्यातून एकदा दोन-चार फाइली त्यातून परत उघडून पाहा, उघडतात का ते.