पीप्सची डायरी वाचताय? या चुका टाळा

लंडनचा प्लेग, १६६६ ची आग, कचेरीतली भांडणं, सगळं सॅम्युएल पीप्सच्या डायरीत आहे. नौदलाच्या या अधिकाऱ्याने ती १६६० ते १६६९ अशी लिहिली. तिच्यातला अनोळखी शब्द दिसला की आपण कोश उघडतोच. घात होतो तो ओळखीच्या शब्दांनी.

‘प्रेझेंटली’ म्हणजे तेव्हा ‘लगेच’. ‘डिस्कव्हर’ म्हणजे बऱ्याचदा ‘उघड करणं’. ‘फॅमिली’त घरची नोकरमाणसंही येतात. ‘डिनर’ दुपारचं, ते रात्री ढकललंत की त्याचा अख्खा दिवस विस्कटतो. ‘फिजिक’ घेतलं म्हणजे बहुधा जुलाबाचं औषध. मग स्वारी दिवसभर घरी का, ते वेगळं सांगायला नको.

१५ मे १६६३ ची नोंद तर आपल्या मुंबईची. पोर्तुगीजांनी बेटाच्या बाबतीत आपल्याला, म्हणजे इंग्रजांना, ‘चाउस’ केलं, असं पीप्स म्हणतो. घाईत हे ‘चूज’चं रूप वाटतं. पण पुढचं वाक्य वाचा: एवढा खर्च करून आरमार धाडलं, तरी तिथला पोर्तुगीज गव्हर्नर इंग्लंडच्या राजाने पाठवलेल्या सर अब्राहम शिपमनला ताबा देईना. म्हणजे ठकवलं! मूळ शब्द तुर्की ‘चाऊश’ (दूत) असं मानतात. मराठवाड्यातलं चाऊस आडनावही त्यातलंच. फोनवरचा कोश इथे कुचकामी. प्रत्येक अर्थाला जुनी, सालवार उदाहरणं देणारा मोठा ऑक्सफर्ड कोश बघा. हिंदुस्थानाशी संबंधित शब्दांसाठी १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ फुकट मिळतो आणि तो भलताच रंजक आहे.

स्पेलिंगवरून तर्क लढवू नका. पीप्सने बहुतेक मजकूर लघुलिपीत लिहिला, त्यामुळे छापील स्पेलिंग बरंचसं संपादकांचं आहे. इंटरनेटवर फुकट मिळणारी, व्हीटली या संपादकांची जुनी आवृत्ती सोवळी आहे. मधेच टिंबं दिसली तर समजा, चावट मजकूर गाळलाय. अर्थ तिथे शोधत बसू नका.

तारखांचंही बघा. इंग्लंडचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, म्हणून डायरीचा पहिलाच जानेवारी ‘१६५९/६०’ असा येतो. तो १६६० धरायचा. शिवाय पोर्तुगालने नवं (ग्रेगोरियन) कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, इंग्लंड मात्र अजून जुन्यावरच होतं. मुंबईच्या ताब्याबद्दलचा पोर्तुगीज कागद शेजारी ठेवून वाचणार असाल, तर पीप्सच्या तारखेत आधी दहा दिवस मिळवून घ्या.