संगीतावरचा माहितीपट बघायला जाताय? आधी जागा धरा

नाशकात चित्रपट महोत्सव म्हटला की उद्घाटनाच्या भाषणात दादासाहेब फाळके येणारच. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', नाशकात उभी राहिलेली हिंदुस्थान फिल्म कंपनी, सगळं येतं. गाणं-बजावणं शिकणाऱ्यांनी मनातल्या मनात एक भर घालावी: फाळक्यांची कारकीर्द जवळजवळ सगळी मूकपटांत गेली, बोलपट त्यांनी एकच केला, १९३७ चा 'गंगावतरण'. असो. भाषणं लांबतात आणि तोवर चांगल्या खुर्च्या जातात.

नाटकाचं सभागृह माणसाचा आवाज पोचावा म्हणून बांधलेलं असतं. तिथे फिल्म लावली की रंगमंचाच्या दोन बाजूंना दोन स्पीकर उभे राहतात. कडेला बसलात तर एकच बाजू ऐकू येते, बाल्कनीच्या खाली मागे सरकलात तर आवाज दबतो. मधोमध बसा, पडद्यापासून सभागृहाच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर. मिक्सिंग करणारा माणूसही थिएटरमध्ये तसाच मधे, जरा मागे बसून आवाज ठरवतो.

मी साउंडच्या कामाला लागले ती असल्याच फिल्म बघून, त्यामुळे माझा सल्ला कानाकडे झुकलेला आहे. मागे इथे सुरगाण्याकडच्या थाळगानावरचा एक माहितीपट पाहिला. थाळीच्या मधोमध मेण, मेणात उभी रोवलेली बारीक काडी, आणि वादक दोन्ही हातांची बोटं त्या काडीवरून वरून खाली ओढत राहतो. थाळी घुमते. त्या घुमण्यावर रात्रभर कथा चालते. फिल्म मात्र तासाभराची. म्हणजे बहुतेक गाणं गाळलेलंच आहे, आणि दिग्दर्शकाचं डोकं कळतं ते गाणं कुठे कापलं त्यावरून. इथे काप पडायचा तो बोटं काडीच्या तळाशी पोचून पुन्हा वर जाताना, त्या क्षणभराच्या पोकळीत. कानाला जोड लागतच नव्हता.

एकदा चित्र बोटांवरून गालाला हात लावून ऐकणाऱ्या एका आजींवर गेलं, आवाज तसाच पुढे चालू. शेजारचा मुलगा म्हणाला, "काय चेहरा आहे!" चेहरा आहेच, पण कॅमेरा एकच असेल तर तो शॉट वेगळ्याच वेळी घेतलेला असतो. आवाज रेकॉर्डरवर अखंड चालू असतो आणि वरून असे कटअवे टाकून चित्रातली तुटलेली जागा झाकतात. यात लबाडी काही नाही, कामच तसं आहे. तबल्याच्या विद्यार्थ्यांना हे सगळ्यात लवकर सापडतं: डग्ग्यावरचा हात हवेत आणि कानावर मात्र डग्ग्याचा बोल, 'घे'.

फिल्म संपल्यावर पळू नका. दिग्दर्शकाला "प्रेरणा कुठून मिळाली?" हे विचारायला दुसरं कुणीतरी उभं राहतंच. तुम्ही माइक कुठे ठेवला होता ते विचारा. मला उत्तर मिळालं ते असं: काडीजवळ ठेवला तर बोटांची खरखरच फार येत होती, म्हणून थाळीच्या काठाकडे सरकवला. एवढ्या एका वाक्यात मी जे शिकले ते वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. कलाकारांना मानधन दिलं का, हेही विचारावं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण विचारावं.

जाण्याआधी दोन फिल्म बघून घ्या. मणी कौल यांची 'ध्रुपद' (१९८२), डागर बंधूंवरची, लांबलचक शॉटची. पहिल्यांदा डुलकी लागली तरी लाजू नका. दुसरी आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' (२०११), दलितांवरच्या अत्याचारांवरची, चौदा वर्षं चित्रीकरण करून केलेली. तिथे शाहिरी गाणं पुरावा म्हणून येतं, शोभेला नाही.

या क्षेत्रात शिरायचं असेल तर तिकीट काढून बसण्यापेक्षा स्वयंसेवक व्हा, आणि सकाळच्या साउंड चेकला हजर राहा. रिकाम्या सभागृहात बरोबर वाटणारा आवाज माणसं भरली की पडतो, कारण अंगं आणि कपडे आवाज शोषतात. किती वाढवायचा हे तिथेच उभं राहून कळतं. स्वयंसेवकांची नावं आधीच घेतात. बहुतेक मुलं पाहुण्यांच्या स्वागताकडे पळतात, त्यामुळे साउंडकडे माणसं कमीच पडतात.