कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग विंडोज अडवत असेल तर काय करावे

सुरक्षा कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर संगणकावर बसवले, पडद्यावर थेट चित्र दिसू लागले, की काम झाले असे आपण गृहीत धरतो. आणि गरज पडल्यावर मागचे चित्रण शोधू लागलो की फोल्डर रिकामा निघतो. थेट चित्र दाखवणे आणि ते डिस्कवर लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि विंडोजची संरक्षणव्यवस्था पहिले होऊ देऊन दुसरे अडवू शकते. अशा वेळी 'डिफेंडर (विंडोजचा अंगभूत अँटिव्हायरस) बंद करून टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मुळीच मानू नये. ज्या संगणकात आपल्या घरादाराचे चित्रण साठते, तो असुरक्षित ठेवून सुरक्षा कशी साधणार?

आधी अडवणारे कोण ते शोधावे. विंडोज सिक्युरिटीमधील 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या भागात 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडावी. तेथे 'प्रोटेक्टेड फोल्डर अॅक्सेस ब्लॉक्ड' अशी नोंद दिसली, तर अडथळा 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस'चा आहे. खंडणीखोर व्हायरसपासून (रॅन्समवेअर) फायली वाचवण्यासाठी २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीत आलेली ही सोय मुळात बंद असते; मात्र कोणी ती सुरू केली असेल, तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहिता येत नाही, आणि रेकॉर्डिंग नेमके व्हिडिओज फोल्डरमध्ये ठेवलेले असू शकते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधील घटनांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) डिफेंडरच्या 'ऑपरेशनल' लॉगमध्ये हीच घटना ११२३ या क्रमांकाने नोंदलेली असते आणि अडवलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलचे नाव तेथे पूर्ण मार्गासह मिळते.

ते नाव नीट वाचावे. आपण जी खिडकी उघडून चित्र पाहतो तो प्रोग्रॅम वेगळा आणि पार्श्वभूमीत रेकॉर्डिंग करणारी सर्व्हिस वेगळी असू शकते. परवानगी पहिल्याला दिली, तर काहीच बदलत नाही. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधील 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये 'अलाउ अॅन अॅप थ्रू कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' निवडून, नुकत्याच अडवलेल्या अॅपच्या यादीतून नेमकी तीच फाइल जोडावी आणि त्यानंतर ती सर्व्हिस थांबवून पुन्हा सुरू करावी. हा शेवटचा टप्पा हमखास राहून जातो. सर्व्हिस पुन्हा सुरू होईपर्यंत दिलेली परवानगी तिला लागूच होत नाही.

हिस्टरीत काहीच नोंद नसेल आणि रेकॉर्डिंग नेटवर्कवरील डिस्कवर जात असेल, तर कारण बहुधा वेगळे असते. 'झेड' सारखे ड्राइव्हचे अक्षर फक्त लॉगिन केलेल्या वापरकर्त्यापुरते असते; स्वतःच्या खात्याखाली चालणाऱ्या सर्व्हिसला ते दिसत नाही. म्हणून सेटिंगमध्ये अक्षराऐवजी त्या डिस्कचा नेटवर्कवरील पूर्ण पत्ता (\\डिस्कचे नाव\फोल्डर अशा रूपातला) द्यावा, त्या डिस्कवर केवळ रेकॉर्डिंगसाठी पासवर्डसह स्वतंत्र खाते तयार करावे आणि सर्व्हिसला तेच खाते वापरू द्यावे. पासवर्डविना पाहुणा म्हणून जोडण्याची जुनी पद्धत विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत मुळातच नाकारली जाते, आणि ती मुद्दाम पुन्हा सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नेटवर्कवरून येणारी-जाणारी माहिती अडवणाऱ्या फायरवॉलचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. 'कॅमेरे शोधा' म्हटल्यावर यादी रिकामी येत असेल, तर ३७०२ या यूडीपी पोर्टवरील (कॅमेरे शोधण्यासाठी वापरला जाणारा नेटवर्क मार्ग) शोधाची उत्तरे अडत असण्याची शक्यता असते. कॅमेऱ्याचा आयपी पत्ता हाताने टाकला, तर फायरवॉलला हात लावावाच लागत नाही. मोबाइलवरून पाहण्यासाठी परवानगी द्यावीच लागली, तर ती फक्त 'प्रायव्हेट', म्हणजे घरच्यासारख्या विश्वासू नेटवर्कपुरती द्यावी.

जुन्या कॅप्चर कार्डाचा (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणारे कार्ड) ड्रायव्हर 'मेमरी इंटेग्रिटी' या विंडोजच्या गाभ्याचे रक्षण करणाऱ्या सोयीमुळे चालत नसेल, तर उत्पादकाचा नवा ड्रायव्हर घ्यावा. तो मिळत नसेल, तर कार्डच बदलावे.

शेवटी संगणक पुन्हा सुरू करून, लॉगिन न करता थोडा वेळ तसाच ठेवावा आणि मग त्या वेळेची फाइल तयार झाली आहे का, ती उघडते का, हे पाहावे. विंडोजच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर हीच तपासणी पुन्हा करावी.